नुसतं बसायलाही जागा हवी

तरुणांचा विषय नगरपालिकांच्या पटलावर बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा आला तो तक्रार म्हणून. चौकात घोळका उभा असतो, पायऱ्या अडतात, रात्री आवाज होतो. तक्रार करणाऱ्याजवळ मतदानाचा हक्क असतो, कराची पावती असते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याजवळ यातलं काहीच नसतं, आणि बसायला दुसरी जागाही नसते. शहर तरुणांना आपलंसं कसं वाटेल या आजच्या चर्चेमागे हा विषम सामना आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतल्या ओमाहा शहरानं १८८० मध्येच अल्पवयीनांवर रात्रबंदी घातली होती. उलट दिशेचं एक ठळक पाऊल १९४३ मधलं. कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात मुलांच्या हाती फळ्या, विटा आणि हत्यारं देऊन एक मैदान मोकळं सोडण्यात आलं. पुढे १९७० च्या दशकात अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंड इथल्या किशोरवयीनांना त्यांच्या वस्तीबद्दल विचारलं गेलं. अर्जेंटिनातल्या गरीब पण माणसांनी गजबजलेल्या वस्तीतली मुलं समाधानी निघाली आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या मानानं सुस्थितीतल्या उपनगरातली मुलं कंटाळलेली. पैसा ओतला की तरुण खूश, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

१९७९ मध्ये फ्रान्समधल्या शिल्टिगहाइम गावानं मुलांची स्वतंत्र नगरपरिषद सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या १२ व्या कलमानं मुलांना आपल्याबाबतच्या निर्णयांत मत मांडण्याचा, तर ३१ व्या कलमानं विश्रांती आणि खेळाचा हक्क दिला. १९९२ मध्ये मुलांचा सहभाग कितपत खरा आहे हे पायरी-पायरीनं दाखवणारी 'सहभागाची शिडी' आली. तिच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं होतं. ते सहभागात मोजायचंच नाही, असं ती शिडी सांगते. व्यासपीठावर चार मुलं बसवून फोटो काढणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेनं ती दालनात लावावी.

कराराला सोळा वर्षं होतात न होतात तोच मुलांना हुसकावण्याचं यंत्र बाजारात आलं. २००५ मध्ये वेल्समधल्या बॅरी गावात एका दुकानाबाहेर त्याची चाचणी झाली. वय वाढतं तसे अतिउच्च आवाज ऐकू येईनासे होतात, यावरच ते बेतलेलं होतं. सुमारे १७.४ किलोहर्ट्झचा टोचणारा आवाज पंचविशीच्या आतल्यांना ऐकू येतो, दुकानदाराला आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांना येत नाही. त्रास देणारी मुलं पांगतात, कुणावर हात उचलावा लागत नाही, पोलीस बोलवावे लागत नाहीत, ही समर्थकांची बाजू. टोळक्यांनी जेरीस आणलेल्या दुकानदाराचा त्रासही खरा होता, हे मान्य करायला हवं.

पण यंत्राला त्रास देणारा आणि न देणारा यांत फरक करता येत नाही. शाळेतून घरी जाणारी मुलगी, वाचनालयाच्या दारात थांबलेला मुलगा, बाबागाडीतलं तान्हं बाळ, सगळ्यांच्या कानांत तोच आवाज. बाळाला तर आपण का रडतोय हेही सांगता येत नाही, आणि आईला काही ऐकूच येत नाही. दोष वागण्याचा नाही, वयाचा, असं ठरवणारी ही शिक्षा होती. बालहक्क करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं २००८ मध्ये या यंत्राबद्दल चिंता नोंदवली आणि २०१० मध्ये युरोपीय देशांच्या संसदीय सभेनं बंदीची शिफारस केली. शिफारस बंधनकारक नव्हती. ब्रिटननं देशभर बंदी घातली नाही. मधल्या काळात, २००९ मध्ये, इंग्लंडमधल्या मॅन्सफील्डच्या एका वस्तीत गुलाबी दिवे लावले गेले. त्या उजेडात चेहऱ्यावरची मुरमं उठून दिसतात आणि पोरं लाजून निघून जातात, हा हिशेब. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या चेहऱ्याची लाज वाटायला लावणं हे सार्वजनिक धोरण कसं असू शकतं?

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. काम नसताना थांबलेला मोठा माणूस 'वारा खात' असतो. तेच मुलं उभी राहिली की ती 'रिकामटेकडी' होतात, दोनाची चार झाली की 'टोळकं'. तक्रारअर्जात जो शब्द येतो तोच पुढे नियमात उतरतो.

व्हिएन्नानं प्रश्न दुसरीकडून धरला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या पाहणीत दिसलं, की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र राहतात. बाहेर जा असं मुलींना कुणी म्हणत नव्हतं. एकच मोठं मोकळं मैदान असलं की ते मुलग्यांच्या चेंडूखाली जातं, एवढंच. १९९९ मध्ये दोन उद्यानांत पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची मैदानं केली, मोकळी जागा लहान भागांत वाटली. मुली परत आल्या.

आइसलँडचा दाखला हल्ली सगळेच देतात. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी महिनाभरात नशेपर्यंत दारू प्यायल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. अनुकरण करणाऱ्या गावांना त्यातली रात्रबंदी पटकन भावते: १३ ते १६ वयाच्यांनी हिवाळ्यात रात्री दहाच्या आत आणि उन्हाळ्यात बाराच्या आत घरी असायचं. ती फुकट पडते. त्याच काळात पालकांनी आपसात केलेले करार आणि खेळ, संगीत, नृत्य शिकण्यासाठी राजधानी रेक्याविकनं २००७ पासून कुटुंबांना दिलेलं अनुदान यांचा उल्लेख मात्र भाषणाच्या शेवटी घाईत उरकला जातो. त्याला दरवर्षी पैसे लागतात.

पैसे आणि निर्णय दोन्ही तरुणांच्या हाती देऊन पाहिलं ते बॉस्टननं. २०१४ मध्ये तिथे शहराच्या अंदाजपत्रकातले १० लाख डॉलर बाजूला काढले गेले आणि ते कुठे खर्चायचे यावर १२ ते २५ वर्षांच्या रहिवाशांनीच मतदान केलं.