चवळी आणि चवळई: एक कडधान्य, दुसरी पालेभाजी

लातूर किंवा परभणीच्या आठवडी बाजारात नुसते ‘चवळी द्या’ म्हटले, तर कडधान्याच्या पालावर पोटाशी काळा ठिपका असलेले पांढुरके दाणे मापून मिळतात आणि भाजीच्या पालावर हिरव्या पानांची जुडी हातात पडते. जुडी चवळईची असते, पण बोलण्यात दोन्हींना एकच नाव चालते आणि हीच गल्लत पुढे आहाराविषयीच्या लिखाणात उतरते. पानांतले कॅल्शियम दाण्यांच्या खात्यावर जमा होते आणि दाण्यांतली प्रथिने पानांच्या. वास्तविक या दोन वनस्पतींचे एकमेकींशी कसलेही नाते नाही.

चवळी ही मूग, उडीद आणि मटकी यांच्या गोतावळ्यातली, फार प्राचीन काळी आफ्रिकेतून भारतात आलेली शेंगवर्गीय वनस्पती आहे. कोरडवाहू रानात ती खरिपात बाजरीसारख्या पिकांच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून घेतली जाते. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, आणि पावसाने दडी मारली तरी ती बऱ्यापैकी तग धरते, त्यामुळे मराठवाड्याच्या हवामानाला ती मानवते. चवळई मात्र माठ, तांदुळजा आणि राजगिरा यांच्या कुळातली असून पेरल्यापासून साधारण महिनाभरात काढणीला येते. शंका आली तर पाने पाहावीत: चवळीच्या एका देठावर बेलासारखी तीन पाने असतात, तर चवळईचे प्रत्येक पान सुटे असते. चवळीचा कोवळा पालाही खाण्याजोगा असतो, त्यामुळे ही खूण अगदीच निरुपयोगी नाही. चवळीच्या हिरव्या शेंगांचे पोषणमूल्य दाण्यांसारखे नसून इतर शेंगभाज्यांच्या जवळचे असते, एवढे सांगून तो तिसरा विषय येथेच सोडतो.

वाळलेल्या चवळीच्या 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात. तंतुमय पदार्थ 10 ग्रॅमच्या आसपास असतात आणि फोलेट हे ब-गटातले जीवनसत्त्वही भरपूर असते. मराठवाड्याच्या दृष्टीने यातील प्रथिनांचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथील मुख्य अन्न ज्वारीची भाकरी असून ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी पडते. चवळीत ते मुबलक असते आणि चवळीत जे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी असते, ते ज्वारीतून काही प्रमाणात भरून निघते. म्हणजे भाकरी आणि चवळीची उसळ ही जोडी गरिबाघरची सोय म्हणून रूढ झाली असली, तरी आहारशास्त्राच्या कसोटीवरही ती पक्की उतरते. हे काम चवळईकडून होणार नाही. तिच्या 100 ग्रॅम ताज्या पानांत प्रथिने जेमतेम अडीच-तीन ग्रॅम असतात. मात्र त्याच पानांत 200 ते 300 मिलिग्रॅम कॅल्शियम, शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे बीटा-कॅरोटिन, तसेच क आणि के जीवनसत्त्वे असतात. वाळलेल्या दाण्यांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो लोहाच्या बाबतीत. तक्त्यात पाहिले तर चवळीत 100 ग्रॅममागे 5 ते 8 मिलिग्रॅम आणि चवळईत 2 ते 4 मिलिग्रॅम लोह दिसते, आणि त्यावरून चवळी दुपटीने सरस ठरवली जाते. पण हा हिशेब कोरड्या दाण्यांचा आहे. एका माणसाच्या उसळीला 40 ग्रॅमच्या आसपास चवळी लागते, तर चवळईची 100 ग्रॅम पाने शिजून आळली की एका वाढणीत सहज संपतात. त्यामुळे ताटात दोन्हींचे लोह जवळजवळ सारखेच येते. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज 29 मिलिग्रॅम लोहाची गरज असल्याने, यापैकी कोणतीही एक भाजी खाऊन रक्त वाढते हा दावा पोकळ आहे. वनस्पतींमधले लोह मुळातच कमी शोषले जाते. चवळीत फायटेट आणि चवळईत पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्ये त्यात अडथळा आणतात. जेवताना लिंबू पिळल्यास शोषण सुधारते, आणि जेवणाला लागून चहा घेतल्यास ते आणखी घटते.

स्वयंपाकात तर दोघींची रीत उलटी आहे. चवळी सहा ते आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात शिजवावी. पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग भिजवणीच्या पाण्याबरोबर निघून जातो, आणि मोड आणल्यास फायटेटही घटते. मराठवाड्यात अनेक घरी बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे दाण्याचे साल लवकर मऊ होत नाही, आणि मग चवळीच जुनी निघाली असे म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्याने दाणा शिजतो, पण ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा पिण्याचे मऊ पाणी वापरणे बरे. चिंचेचा कोळ दाणे मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटामुळे ते टणक राहतात. त्यानंतर लसूण-कांद्याची फोडणी, काळा मसाला आणि थोडा येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ, पडला की रस्सा दाट होतो.

चवळईला यातले काही लागत नाही. पाने निवडून, चिरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत टाकून त्यांच्याच अंगच्या पाण्यावर पाच-सात मिनिटे परतावीत आणि उतरवताना शेंगदाण्याचा कूट घालावा. तेलामुळे बीटा-कॅरोटिनचे शोषण होते, म्हणून बिनतेलाची उकडलेली पाने खाण्यात शहाणपण नाही. अपवाद मूतखड्याचा त्रास असलेल्यांचा आहे: चवळईत खडा बनण्यास हातभार लावणारे ऑक्झलेट जास्त असल्याने त्यांनी ती क्वचित, तीही उकळून आणि ते पाणी फेकून खावी, मग क जीवनसत्त्व गेले तरी चालेल. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनीही के जीवनसत्त्वामुळे तिचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये.

दोन्ही एकाच पातेल्यात शिजवायला काहीच हरकत नाही. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, होणाऱ्या भज्जीत हिरवे दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजतातच. चवळी मऊ शिजल्यावर चिरलेली चवळई शेवटच्या पाच मिनिटांत घातली, तर पानांतले क जीवनसत्त्व बऱ्याच अंशी टिकते आणि ते दाण्यांतल्या लोहाच्या शोषणाला मदत करते.

साठवणुकीत मात्र चवळीलाच जास्त जपावे लागते. तिला भुंगे फार लवकर लागतात आणि बाधा पुष्कळदा शेतातूनच आलेली असते. म्हणून दाणे कडक उन्हात वाळवून, हलके एरंडेल चोळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. चवळई आणली त्याच दिवशी संपवावी.