लवंगतेल की एमएस-२२२? माशांना भूल देण्यामागची पार्श्वभूमी

माशाला गुंगी आणायला ‘नैसर्गिक’ लवंगतेल बरे की एमएस-२२२ ही ‘कृत्रिम’ भुलीची पूड, असा प्रश्न विचारला जातो. मत्स्यशेतीत माशाला भूल देण्याची गरज तशी उशिराच आली. कार्प माशांचे जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले, पावसाळ्यात नदीतून जाळ्याने गोळा करून आणत, तोवर मोठा मासा हातात येई तो विक्रीच्याच वेळी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्पचे प्रजनन घडवून आणले, आणि काम बदलले. आता तीन-चार किलोची मादी पाण्याबाहेर काढायची, तोलायची, किलोमागे २-३ मि.ग्रॅ. अर्क टोचायचा आणि सहा तासांनी ५-८ मि.ग्रॅ.चा दुसरा डोस द्यायचा. कटला हा कार्प यात सर्वांत आडदांड. एकदा उसळला की खवले उडतात आणि उघड्या जागी चार दिवसांत कापसासारखी बुरशी धरते.

जायकवाडी, येलदरी, माजलगाव या जलाशयांमुळे मराठवाड्यात मत्स्यबीजाची मागणी वाढली. पुढे अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यांनी ती गावोगाव नेली. दरम्यान एकाच डोसवर भागणारी ओवाप्रिमसारखी तयार संप्रेरके आली, त्यामुळे मादीला दोनदा धरण्याचा त्रास वाचला. डोळ्यांवर ओले फडके टाकून, मासा स्पंजवर आडवा धरून भुलीशिवायही इंजेक्शन देता येते, आणि सरावलेल्या हातांना तेवढे पुरते. भूल लागते ती प्रजनक मासे लांब न्यायचे असतील, खूण-पट्टी बसवायची असेल किंवा जखम साफ करायची असेल तेव्हा.

‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ ही विभागणी इतिहासात फार टिकत नाही. एमएस-२२२चे मूळही वनस्पतीतच सापडते. कोकाच्या पानातल्या कोकेनने १८८४ पासून डोळ्यांच्या शस्त्रक्रिया सोप्या केल्या, पण ते व्यसन लावणारे होते. पर्याय शोधता शोधता आधी बेंझोकेन आणि नंतर त्याच्याच जवळचा, पण पाण्यात सहज विरघळणारा ट्रायकेन, म्हणजे एमएस-२२२, हाती आला. बेंझोकेन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते आधी अल्कोहोलमध्ये घ्यावे लागते. माशाला औषध कल्ल्यांतून मिळत असल्याने विरघळणे हाच कळीचा मुद्दा ठरला.

लवंगतेल आले ते दातांच्या दवाखान्याच्या वाटेने. त्यातले युजेनॉल हे मुख्य द्रव्य जपानमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांवर तपासून १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडने पुढे युजेनॉलच्या जवळच्या आयसोयुजेनॉलवर बेतलेले अ‍ॅक्वी-एस हे माशांच्या भुलीचे औषध बाजारात आणले. मात्र आयसोयुजेनॉलच्या दीर्घ चाचणीत नर उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या. लवंगेच्या कुळातले म्हणून निर्धोक, हा समज तिथेच मोडतो. आपल्याकडे गेळफळाचा ठेचा किंवा मोहाची पेंड पाण्यात टाकून मासे वर आणतात, तेही नैसर्गिकच. पण त्यातले सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य माशाच्या रक्तपेशी फोडते. ती भूल नव्हे, विष आहे. तळे साफ करताना हेक्टरी सुमारे २,५०० किलो पेंड टाकतात, ती याच कामासाठी.

प्रत्यक्षात काय करायचे? लवंगतेल थेट टाकले तर त्याचा तवंग येतो आणि वर आलेल्या माशाच्या कल्ल्यांना तेलाचा थेंब चिकटतो. एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळा. या मिश्रणाच्या १ मि.ली.मध्ये साधारण १०० मि.ग्रॅ. तेल असते. कार्पसाठी लिटरला ५० मि.ग्रॅ. धरले तर १० लिटर पाण्याला ५ मि.ली. मिश्रण लागते. खरी अडचण तेलाच्या शुद्धतेची आहे. लवंगेच्या कळीच्या तेलात युजेनॉल ७० ते ९० टक्के असते, पण बाजारात पानांचे, देठांचे तेल आणि भेसळ सर्रास मिळते. म्हणून दर नव्या बाटलीला आधी दोन-तीन मासे घालून पाहावे. तीन मिनिटांत तोल जावा आणि स्वच्छ पाण्यात पाच मिनिटांत मासा सरळ व्हावा, हा १९८५ पासून मानला जाणारा निकष आजही कामाचा आहे. लवंगतेलात मासा लवकर आडवा होतो, पण शुद्धीवर यायला वेळ लावतो. एमएस-२२२मध्ये तो लवकर सावरतो.

एमएस-२२२ची मात्रा लिटरला ५० ते १०० मि.ग्रॅ. असते. ते पाणी आम्लधर्मी करते, म्हणून तेवढ्याच किंवा दुप्पट वजनाचा खायचा सोडा आधी टाकावा. आपल्या बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात सामू (पीएच) फारसा घसरत नाही. पावसाच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्यात मात्र घसरतो आणि कल्ले चुरचुरल्याने मासा गुंगण्याआधीच उसळ्या मारतो. द्रावण काळ्या बाटलीत ठेवा, उजेडात ते तपकिरी पडते.

दोन्ही औषधांना मराठवाड्याचा उन्हाळा घातक आहे. पाणी तिशीच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो, औषध झपाट्याने चढते आणि गुंगी व मृत्यू यांतले अंतर आकसते. काम पहाटे उरकावे, हवा सुरू ठेवावी, एक दिवस आधी खाद्य बंद करावे. कल्ल्याचे झाकण मंदावले की मासा काढावा. थांबेपर्यंत वाट पाहू नये.

अमेरिकेत एमएस-२२२ दिलेला मासा २१ दिवस खाण्यासाठी विकता येत नाही, आणि लवंगतेलाला तिथे खाद्य-माशांसाठी मान्यताच नाही. आपल्याकडे अंडी दिलेले प्रजनक थेट आठवडी बाजारात जातात. भूल दिलेले नर-मादी तरी वेगळ्या टाकीत ठेवून टाकीवर तारीख लिहावी.