अनायक (उपरोधिक युद्धकादंबरीतील)

शौर्य, निष्ठा व हौतात्म्य या मूल्यांशी फटकून वागणारे युद्धकथेतील मध्यवर्ती पात्र. ते भित्रे असेलच असे नाही. जिवंत राहण्याचा हट्ट हेच त्याचे बंड असते आणि हुकूम, अर्ज, शिक्के यांच्या कारभारातली असंगती त्या हट्टापायी उघडी पडते.

संज्ञा : मराठीत यासाठी ‘प्रतिनायक’ हा शब्द रुळला आहे, तो घोटाळ्याचा आहे. धनंजयाच्या दशरूपक या संस्कृत नाट्यशास्त्रीय ग्रंथात (इ. स. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध, सामान्यतः माळव्याचा परमार राजा मुंज याच्या कारकिर्दीतला मानतात) प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू : लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ व उग्र), ताठर, पापी आणि व्यसनी. रामाला रावण, युधिष्ठिराला दुर्योधन. प्रस्तुत शिपाई नायकासमोर उभा नसतो. त्याने नायकाची जागाच अडवलेली असते आणि त्या जागेची कामे तो करत नाही. ‘अनायक’ हा शब्द त्यामुळे अधिक बरा. विदूषकही हा नव्हे. विदूषकाचे जेवण राजाच्या पंगतीला ठरलेले असते. विराटपर्वातल्या उत्तराला पूर्वज मानण्याचा मोह होतो. अंतःपुरात बढाया मारणारा हा राजपुत्र कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. पण तिथे हसू होते ते उत्तराचे, युद्धाचे नव्हे. बृहन्नडेचे शौर्य त्यामुळे उलट उठून दिसते.

उगम : ग्रिमेल्सहाउझेनच्या सिंप्लिसिसिमुस या जर्मन कादंबरीपासून (मुखपृष्ठावर १६६९; बहुधा १६६८ च्या अखेरीस विक्रीस) ही परंपरा धरण्याचा प्रघात आहे. तीस वर्षांच्या युद्धात सापडलेला त्यातला पोरगा भाबडा आहे, बंडखोर नाही. पूर्ण घडलेला अनायक यारोस्लाव्ह हाशेकच्या पहिल्या महायुद्धावरील श्वेइक या चेक कादंबरीमध्ये (१९२१–२३, लेखकाच्या मृत्यूमुळे अपूर्ण) दिसतो. लष्करी वैद्यकीय मंडळाने मूर्ख ठरवलेला हा शिपाई प्रत्येक हुकूम अक्षरशः पाळतो आणि त्यामुळेच हुकूम निकामी होतो. तो खरोखर मूर्ख की सोंगाडा, यावर दुमत आहे. हाशेकने ते मुद्दाम मिटवलेले नाही, असे मानणे योग्य वाटते.

जोसेफ हेलरच्या दुसऱ्या महायुद्धावरील कॅच-२२ या अमेरिकन कादंबरीतला योसारियन (१९६१) आज्ञापालनाचे नाटकही करत नाही. वेडा वैमानिक उड्डाणातून सुटू शकतो, पण त्याने तसा अर्ज करायला हवा. आणि जिवाच्या भीतीने अर्ज करणारा शहाणाच ठरतो. या पेचाच्या नियमाचेच नाव कॅच-२२. त्यातला आकडाही योगायोगाचा : १९५५ मध्ये पहिले प्रकरण ‘कॅच-१८’ नावाने छापले गेले होते, लिऑन युरिसची मिला १८ ही कादंबरी आल्यामुळे आकडा बदलला. हेलरने स्वतः १९४४ मध्ये कॉर्सिका बेटावरून बाँबफेक्या म्हणून ६० मोहिमा केल्या. त्याच वर्षी इटलीत मराठा पलटणी लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एकाच आघाडीतून तिकडे उपहास निघाला, इकडे वीरगाथा.

कोल्हापूर परिसर : घरटी ‘मिल्ट्रीत’ माणूस असण्याचा अभिमान इथे जुना, शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीचे नावच सैनिक टाकळी. छापील साहित्यात पोवाडा व शौर्यकथा यांचे पारडे जड आहे. अनायकाचे नाते शोधायचे तर तमाशाच्या वगात शोधावे. राजाचा हुकूम शब्दशः उचलून त्याचे वाटोळे करणारा सोंगाड्या श्वेइकचा दूरचा भाऊबंद शोभतो. फरक इतकाच, की वग संपताना राजा गादीवरच असतो. हेलरच्या कादंबरीत पडलेल्या विमानाच्या यादीत नाव असल्यामुळे डॉक्टर डॅनीका समोर उभा असूनही कागदोपत्री मृत ठरतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या इथल्या माजी सैनिकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.