वाटीभर पेजेचं गणित

"पोरं दिवसभर पेज खातात, तरी हडकुळीच. आयांनाच काळजी नाही." शिकल्यासवरल्या लोकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी सरळ हिशेबच मांडतो.

आठ किलोच्या, वर्ष उलटलेल्या बाळाच्या जठरात किती मावतं? किलोमागे सुमारे ३० मिली, म्हणजे २४० मिली. पातळ पेजेत १०० मिलीला १० ग्रॅम पीठ धरा. पोट तुडुंब भरलं तरी कॅलरी मिळतात जेमतेम ८०. आईच्या दुधाखेरीज या वयाला रोज सुमारे ५५० लागतात. म्हणजे सात वेळा पोटभर पेज!

मग घट्ट का करू नये? इथे स्टार्च आडवा येतो. तापल्यावर त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, आतल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या सुटून एकमेकींत गुंततात. पीठ दुप्पट केलं की पेजेची खळ होते. बाळाला ती गिळवत नाही. यावर उपाय मोडाच्या धान्यात आहे. कोंबाला वाढायला साखर हवी, म्हणून दाणा अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार करतो आणि ते स्टार्चच्या साखळ्या कापतं. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ, उकळी ओसरलेल्या घट्ट पेजेत ढवळा. बघता बघता पेज ओघळू लागते, कॅलरी मात्र तेवढ्याच! उकळत्या पेजेत घातलं तर विकर निकामी होतं. पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी द्यावी, जंतूंसाठी. ज्वारीचे मोड मात्र नकोत, त्यांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं.

आता सातांच्या जागी तीन-चार वेळा पुरतं. पण तेवढंही भरवणार कोण? आई रानात, बाळ आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. १९७५ पासूनच्या अंगणवाडीत गरम जेवण तीन वर्षांपुढच्यांना. त्याखालच्यांसाठी शिधा घरी जातो आणि घरभर वाटला जातो.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. भुकेनं खंगलेल्या अंगावर ही आणखी एक जखम! हे थांबलंच पाहिजे.

भरवणार कोण, याला उत्तर आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गावांत जन स्वास्थ्य सहयोग या आरोग्यसंस्थेनं 'फुलवारी' नावाची पाळणाघरं सुरू केली. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दिवसभर तिथे, सांभाळायला गावातलीच बाई, खायला सत्तू आणि तेल घातलेली खिचडी, तीही ठरल्या वेळी. आई निर्धास्तपणे कामावर जाते. आणि ती आठ वर्षांची ताई शाळेत.