इमॅटिनिब: एका गोळीमागची ४१ वर्षे

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग ज्या घरात शिरतो तिथे ‘बीसीआर-एबीएल’ ही आजाराच्या मुळाशी असलेल्या जनुकाची अक्षरे लवकरच रोजच्या बोलण्यात येतात. काही महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला की त्याचा आकडा खाली गेला का, हे घरचे आधी बघतात. रुग्ण जेवण झाल्यावर इमॅटिनिबची गोळी घेतो आणि आपल्या कामाला लागतो. २००१ पूर्वी यातले काहीच नव्हते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पांढऱ्या पेशींचा आकडा काही काळ दाबून ठेवत. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी ताप आणि थकवा यायचा, आणि बऱ्याच जणांना ती सोसत नसत. जुळणारा दाता मिळालाच तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट. तसे नसेल, तर काही वर्षांत आजार उसळायचा आणि मग डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

गोष्ट सुरू होते १९६० मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले. ते लहान का, हे कळायला १३ वर्षे गेली. शिकागोच्या जॅनेट राउली गुणसूत्रांचे फोटो घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर एकेक कापून जोड्या लावत. आई कागदी बाहुल्या खेळते, असे मुलांना वाटायचे. त्याच टेबलावरच्या कामातून १९७३ मध्ये उलगडा झाला: तुकडा हरवलेला नव्हता, ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले होते. पुढे ऐंशीच्या दशकात कळले की या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकमेकांना चिकटतात आणि त्यातून एक नवेच प्रथिन तयार होते. १९९० मध्ये जॉर्ज डेली आणि सहकाऱ्यांनी ते जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातले आणि उंदरांना तसाच आजार झाला. बहुतेक कर्करोगांत दोषी जनुकांची गर्दी असते. इथे मूळ दोषी एकच होता.

आता या गोळीमागचे डॉक्टर, ब्रायन ड्रुकर. जन्म १९५५, मिनेसोटातला. वैद्यकीय शिक्षण कॅलिफोर्नियात, नंतर बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये कर्करोगाचे प्रशिक्षण. रुग्ण तपासणारा हा डॉक्टर १९८५ च्या सुमारास टॉमस रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला आणि किनेज प्रथिनांच्या मागे लागला. किनेजचे काम समजायला सोपे आहे. एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चढवायचा; पेशीसाठी तो ‘वाढ’ असा निरोप असतो. निरोगी एबीएल किनेज गरजेपुरता निरोप देऊन थांबते. बीसीआर-एबीएल हेही किनेजच, पण ते थांबतच नाही.

ड्रुकर यांनी तिथे प्रथिनातल्या टायरोसिन या घटकावर चढलेला फॉस्फेट अचूक ओळखणारी एक अँटिबॉडी तयार करण्यात भाग घेतला. मला त्यांच्या सगळ्या वाटचालीत हे काम कळीचे वाटते. किनेज चालू आहे की बंद, हे मोजायचे साधन हाती असल्याशिवाय ते बंद करणारे औषध शोधायचे तरी कसे? याच काळात स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीतले निक लायडन किनेज रोखणाऱ्या रेणूंवर काम करत होते. असे औषध कोणत्या आजारावर वापरून पाहावे, हा त्यांचा प्रश्न होता. ड्रुकर यांचे उत्तर ठरलेले होते: सीएमएल. पण डेना-फार्बरचा करार प्रतिस्पर्धी सँडोझ कंपनीशी झाला आणि हे सहकार्य तुटले.

१९९३ मध्ये ड्रुकर बॉस्टन सोडून ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेले आणि लगेच लायडन यांच्याशी पुन्हा संपर्क साधला. कंपनीकडून काही रेणू आले. त्यातला एक, युर्ग झिमरमन यांनी घडवलेला, सगळ्यांत सरस ठरला. पुढे तोच इमॅटिनिब झाला. माणसाच्या पेशींत पाचशेहून अधिक किनेज आहेत आणि एटीपी बसण्याची खाच सगळ्यांत जवळपास सारखी असते. त्यामुळे नेमके एकच किनेज अडवता येणार नाही, असे अनेक जाणकार म्हणत. ड्रुकर यांच्या प्रयोगशाळेत मात्र बीसीआर-एबीएल असलेल्या पेशी मेल्या आणि निरोगी पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी सीबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली आणि काम रेंगाळले. अमेरिकेत या आजाराचे नवे रुग्ण वर्षाला पाचेक हजार; एवढ्या लहान बाजारासाठी खर्च का करायचा, हा हिशेब होता. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यकृताला त्रास दिसल्याने शंकाही होत्या. ड्रुकर मागे हटले नाहीत. त्यांच्यासमोर बाजार नव्हता, बाह्यरुग्ण विभागात येऊन बसणारी माणसे होती. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध मिळाले. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या, इंटरफेरॉन निरुपयोगी ठरलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशी पूर्ववत झाल्या. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा हेतू फक्त औषध किती सोसते हे बघण्याचा असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी दिली.

काही रुग्णांत आजार परतला. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने २००१ मध्येच कारण दाखवले: औषध जिथे बसते तिथेच प्रथिनात बदल होत होते. त्यातून डॅसॅटिनिब, निलोटिनिब आणि पोनॅटिनिब ही पुढची औषधे आली. ड्रुकर, लायडन आणि सॉयर्स यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २००९ चा लास्कर पुरस्कार मिळाला. इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे या गोळीचा प्रवास कोर्टातून झाला. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईला तिच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. तेव्हा कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफतही देत होती, हे नोंदवायला हवे. पण ते कंपनीच्या मर्जीवर होते, रुग्णाचा हक्क नव्हता. पेटंटला विरोध करणाऱ्यांत सिप्ला आणि नॅटकोसारख्या कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही उभी राहिली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला, गुण वाढल्याशिवाय पेटंट नाही, हे पेटंट कायद्याचे कलम ३(ड) त्याला आड आले. नोव्हार्टिसने त्या कलमालाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २००७ मध्ये ते अपयशी ठरले.

त्याच वर्षी ड्रुकर यांनी एका भारतीय वृत्तपत्रात लिहिले की, इमॅटिनिब ज्या किमतीला विकले जाते त्याने आपण फार अस्वस्थ झालो आहोत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले, आणि महिन्याला आठ-दहा हजारांत भागणारी भारतीय गोळी औषधाच्या दुकानांत कायम राहिली.