फिन, रोबस्टा आणि डब्यातलं दूध: व्हिएतनामी कॉफीची पार्श्वभूमी

व्हिएतनाममध्ये कॉफी आणली फ्रेंच मिशनऱ्यांनी, १८५७ च्या सुमारास. पहिली रोपं उत्तरेतली आणि अरेबिका या नाजूक जातीची होती, पण उष्ण हवेत अरेबिका टिकणं कठीण, त्यात पानांवर तांबेरा पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोबस्टा ही दुसरी जात आली. तिला फार उंची लागत नाही, ती रोगाला सहज बळी पडत नाही आणि तिच्यात कॅफिन जवळपास दुप्पट असतं. मध्य पठारावर बुओन मा थुओत शहराच्या परिसरातली लाल बेसॉल्ट माती तिला मानवली आणि फ्रेंचांचे मळे तिथे पसरले. ही जमीन मुळात एदे आणि इतर आदिवासींची. कॉफीच्या गौरवकथांत ही गोष्ट सहसा गाळली जाते, ती गाळू नये.

मार्च १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा शेवटचा टप्पा याच शहरातून सुरू झाला. युद्धानंतर सरकारने मैदानी भागातली माणसं पठारावर वसवली. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत कॉफीचा तुटवडा होता. १९८० मध्ये करार झाला: जर्मनांनी यंत्रं, ट्रक, सिंचनाची साधनं द्यायची आणि बदल्यात कॉफी घ्यायची. पण लावलेली झाडं भरात येईपर्यंत पूर्व जर्मनीच उरला नाही. दरम्यान १९८६ च्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांनी शेतकऱ्याला स्वतःसाठी पिकवायची मुभा दिली होती. त्यानंतरची वाढ थक्क करणारी आहे: शतक संपता संपता व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात ब्राझीलच्या पाठोपाठ जगात दुसरा झाला. आजही तिथलं नव्वद टक्क्यांहून अधिक पीक रोबस्टाच आहे.

पेल्यातली चव इथूनच येते. रोबस्टा कडवट आणि जड, म्हणून ती गडद भाजतात, बरेचदा लोणी आणि साखर घालून. ताजं दूध उकाड्यात टिकत नसे, दुभती जनावरंही कमी. त्यामुळे डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क आलं आणि कायमचं राहिलं. हनोईत १९४६ मध्ये दुधाच्या टंचाईमुळेच मेट्रोपोल हॉटेलातल्या न्गुयेन वान ज्यांग यांनी अंड्याचा पिवळा बलक फेटून दुधाची जागा भरून काढली. ही अंडा-कॉफी आजही बरेचदा गरम पाण्याच्या वाडग्यात कप ठेवून देतात, कारण गार झाली की अंड्याचा वास वर येतो.

फिन म्हणजे कपावर बसणारी छिद्रांची धातूची गाळणी. तिचे भाग चार: बैठक, भांडं, आतली दाबचकती आणि झाकण. कपात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क घ्या. फिनमध्ये २० ते २५ ग्रॅम मध्यम-भरड पूड घालून सारखी करा, चकती हलकेच ठेवा. उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने २५ मिली पाणी घालून पूड फुगू द्या, मग आणखी ८० मिली ओता. थेंब-थेंब करत चार ते सहा मिनिटांत सगळं उतरायला हवं. दोन मिनिटांतच खाली आलं तर पूड जास्त भरड आहे किंवा चकती सैल. कॉफी पाणचट आणि आंबट लागेल. थेंब अडला तर पूड फार बारीक आहे किंवा (काही फिनमध्ये असते तशी) स्क्रूची चकती जास्त आवळली आहे. ती पाव फेरा सैल करा, वरून दाबू नका. दक्षिण भारतीय फिल्टरची चिकरी मिसळलेली पूड इथे वापरू नये, तिने छिद्रं लवकर बुजतात.

मागवताना दक्षिणेत ‘का फे सुअ दा’ म्हणा, हनोईत ‘नाउ दा’. दोन्ही दूध-बर्फाची कॉफी. कडू सोसत नसेल तर सायगॉनमध्ये (आजचं हो ची मिन्ह सिटी) ‘बाक सिउ’ घ्यावी, तिच्यात दूध जास्त, कॉफी कमी. बर्फ असला तरी आधी तळापासून ढवळा, नाहीतर वर कडू पाणी आणि खाली नुसती साखर मिळेल.

मळे पाहायचे असतील तर तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत असते. पांढरा मोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तोही कोरड्या दिवसांत शेतकरी भरपूर पाणी सोडतात तेव्हा. या पाण्यासाठी भूजलाचा मोठा उपसा होतो, आणि दुष्काळी वर्षी विहिरी आटल्या की पीक घटतं.