ऑडिट आणि कामाचा दर्जा: कुटुंब-आधार संस्थेच्या दोन वेगळ्या तपासण्या

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही छोट्या सामाजिक संस्थेच्या ऑफिसात जा. टेबलामागच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्राची फ्रेम, शेजारी कुणा मान्यवरांसोबतचा फोटो. "संस्था काम कसं करते?" असं विचारलं की सचिव फाइल पुढे सरकवतात. ट्रस्टची नोंदणी, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, मागच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. देणगीदार पानं चाळतो, मान डोलवतो, चेक लिहितो. फाइल खरी असते, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नसतं.

सगळ्याच संस्थांच्या बाबतीत हा घोळ चालतो, पण स्वयंसेविकांना लोकांच्या घरात पाठवणाऱ्या संस्थेत तो जास्त महागात पडतो. नवी बाळंतीण, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर कर्ज आणि लेकरं घेऊन उरलेली बाई, दारूने पोखरलेलं घर. अशा ठिकाणी दर आठवड्याला एक बाई जाते, तासभर बसते, बोलते. हे काम चांगलं चाललंय की नाही, हे सीए कसं सांगणार?

सीएचं काम वेगळं आणि तेही महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या संस्थेचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचा हिशेब धर्मादाय कार्यालयात जातो. विश्वस्त बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. (तो वेळेत देणाऱ्या संस्था मला अजून मोजक्याच भेटल्या आहेत, पण ते असो.) या सगळ्याचा रोख एकाच गोष्टीवर: पैसा कुणाकडून आला, कुठे गेला, पावती आहे का, सही कुणाची. सामाजिक संस्थांना मानांकन देणाऱ्या क्रेडिबिलिटी अलायन्ससारख्या संस्था याच्या पुढे जाऊन कारभाराचे निकष लावतात. त्यांचाही मुख्य भर जबाबदारी आणि पारदर्शकतेवर असतो. त्या घराच्या ओट्यावर काय घडलं, ते या कागदांच्या आवाक्यातलं नाही.

कामाचे निकष तिथून सुरू होतात. स्वयंसेविका निवडली कशी, तिची चारित्र्य पडताळणी झाली का, घरात पाठवण्याआधी तिला काय शिकवलं, महिन्यातून एकदा तरी तिच्याशी कुणी नीट बसून बोलतं का? भेटवही उघडली की बरंच कळतं. एका प्रकारची नोंद अशी असते: "भेट दिली. समुपदेशन केले. प्रतिसाद चांगला." ही नोंद कुठल्याही घराची, कुठल्याही तारखेची असू शकते. दुसरी नोंद अशी: "बाळाचं वजन केलेलं नाही, सासू अंगणवाडीत जाऊ देत नाही. मंगळवारी सेविकाताईंना सोबत आणते असं सासूबाईंसमोर सांगितलं. सुनेशी एकटीशी बोलता आलं नाही." यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. समन्वयक त्यावर पुढची भेट ठरवू शकते: वेळ बदलायची, की सासूला दुसऱ्या कुणी बोलण्यात गुंतवायचं. ऑडिटच्या दृष्टीने मात्र दोन्ही नोंदी सारख्याच, भेट एक.

निकष बाहेरून आयते आणून चिकटवले तर खान्देशात ते पहिल्या महिन्यातच फसतात. गावं लहान, भावकी मोठी. त्याच गल्लीतली बाई पाठवली तर ती सहज "बरी शे ना माय?" म्हणत आत जाते, पण घरातलं दुखणं संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी पोचण्याची भीतीही तीच घेऊन येते. म्हणून "ही बाई नको, दुसरी पाठवा" असं कुटुंबाला निर्धास्त म्हणता आलं पाहिजे, आणि त्यावरून कुणी तोंड वाकडं करता कामा नये. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर अहिराणीही पुरत नाही. तिथे पावरी किंवा भिली बोलणारीच हवी. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गेलं की घराला कुलूप. रजिस्टरमध्ये भेटी शून्य दिसतात आणि फंड देणारा विचारतो, काम बंद का? त्या महिन्यांत फोनवर संपर्क ठेवायचा की काम थांबवायचं, परतल्यावर पहिली भेट किती दिवसांत, हे आधीच लिहून ठेवलेलं असलं तर त्याला दर्जा म्हणता येईल.

सगळ्यात कच्चा दुवा मुलांच्या सुरक्षिततेचा. समजा रविवारी संध्याकाळी स्वयंसेविकेला कळलं की घरातल्या मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय. 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की अशी माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना द्यायची आहे. त्यातून स्वयंसेविका सुटत नाही. आपल्याकडचा रिवाज मात्र "गावातच मिटवू" असा. तिच्याकडे 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि समन्वयकाचा नंबर आहे का? आपण चौकशी करायची नाही, मुलीला "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, हे तिला शिकवलंय का? ज्या संस्थेत याचं उत्तर "आमच्या ताई समजूतदार आहेत" असं मिळतं, तिथलं ऑडिट कितीही स्वच्छ असो, माझा विश्वास बसणार नाही.

दोन्ही तपासण्या एकाच कागदावर येतात ती जागा म्हणजे प्रवासखर्च. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण एसटी जिथे थांबते तिथून पुढे काळी-पिवळीच, आणि तिथे तिकीट मिळत नाही. ऑडिटर व्हाउचर मागतो, ते बरोबरच आहे. कामाचा निकष विचारतो की हे पैसे तिला त्याच आठवड्यात मिळाले का. तीन महिन्यांनी मिळणार असतील तर पदरमोड परवडणाऱ्याच बायका स्वयंसेविका होतील आणि मजुरी करणारी, त्या घराची अडचण खरी ओळखणारी बाई बाहेरच राहील.

या कामाचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण इंग्लंडमधलं. लेस्टरमध्ये 1973 साली मार्गारेट हॅरिसन यांनी होम-स्टार्ट सुरू केलं. लहान मुलं असलेल्या घरी प्रशिक्षित स्वयंसेवक जातात. तिथल्या स्थानिक शाखा स्वतंत्र संस्था आहेत आणि दर्जाची चौकट सगळ्यांना समान. एवढं असूनही 2004 साली तिकडे प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात आयांनी स्वयंसेवकांचं मनापासून कौतुक केलं, पण मदत न मिळालेल्या गटापेक्षा मोजता येईल असा फरक त्यांच्यात दिसला नाही. म्हणजे निकष पाळले की परिणाम झालाच, असंही धरता येत नाही. परिणाम ही तिसरीच तपासणी. छोट्या संस्थेने आधी दुसरी तरी नीट करावी.

देणगी द्यायची असेल तर फाइल जरूर मागा, ती नसेल तर पुढचं काही विचारूच नका. ती पाहून झाली की विचारा, गेल्या वर्षी किती इच्छुक स्वयंसेविकांना नकार दिला. "एकालाही नाही, सगळ्याच चांगल्या" असं उत्तर आलं, तर तिथे निवड होतच नाही. मग भेटवहीचा कोरा नमुना मागा. भरलेली वही कुणी लगेच समोर ठेवली, नावं-गावांसकट, तर मी चेकबुक परत पिशवीत टाकीन.